हीटर प्लगचं बाष्पयंत्र: निफाडच्या डोंगळ्याआधी २० मेलिफेरा पेट्यांतला व्हरोआ

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेले बियाण्याचे कांदे आता डोंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, टाकायच्या बेतात आहेत आणि जानेवारीअखेरीस गोंडे उमलू लागतील. प्लॉटला द्यायच्या २० मेलिफेरा (युरोपीय मधमाशीच्या) पेट्या तयार आहेत. पेट्या उघडल्यावर मात्र दारापाशी चुरगळलेल्या पंखांच्या दोन-चार माश्या रांगताना दिसतात आणि नरांच्या कोठड्या फोडल्या की आत तांबूस, चपटे, खेकड्यासारखे आडवे चालणारे कोळी सापडतात. हा व्हरोआ, मधमाश्यांवर जगणारा परोपजीवी कोळी. हातात साधारण महिना आहे. या परिस्थितीत १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं, कोळी मारणाऱ्या ऑक्झॅलिक ॲसिडची वाफ करणारं बाष्पयंत्र घरच्या घरी कसं बनवायचं आणि ते कोणत्या दिवशी वापरायचं, ते इथे मांडलं आहे. पेट्यांची संख्या आणि कोळ्यांची मोजणी नमुन्यादाखल धरली आहे, आपापल्या पेट्यांप्रमाणे हिशोब बदलून घ्यावा.

कांद्याला वसाहत दणकट लागते. कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त असल्याने मधमाशीला तो फारसा आवडत नाही. शेजारी दुसरं फूल मिळालं तर ती तिकडे वळते. कोळ्यांनी पोखरलेली, संख्या घटलेली वसाहत डोंगळ्यावर जवळपास जातच नाही, मग उळे, म्हणजे कांद्याचं बी, भरणार कसं? म्हणून पेट्या प्लॉटवर नेण्याआधी कोळी खाली आणायला हवा.

आधी मोजणी, मग औषध

पिलाव्याच्या (अंडी, अळ्या आणि कोषांच्या) फ्रेमवरून अर्धा कप, म्हणजे सुमारे १२० मिली माश्या घ्यायच्या. त्या साधारण ३०० भरतात. त्या फ्रेमवर राणी नाही, हे दोनदा बघायचं. माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घालून वर दोन चमचे पिठीसाखर टाकायची. बरणी मिनिटभर हळू फिरवायची, दोन मिनिटं सावलीत ठेवायची आणि मग पांढऱ्या थाळीत उलटी करून जोरात झटकायची. थाळीत थोडं पाणी टाकलं की साखर विरघळते आणि कोळी उघडे पडतात. माश्या जिवंत राहतात, त्या परत पेटीत सोडायच्या. १०० माश्यांमागे ३ कोळी, म्हणजे ३०० मध्ये ९, हा आकडा ओलांडला की उपाय करायचाच. आपल्या नमुन्यात सहा पेट्या तपासल्या आणि सरासरी १४ निघाले असं धरू. म्हणजे साडेचार टक्क्यांच्या वर.

पण ही मोजणी फक्त माश्यांच्या अंगावरच्या कोळ्यांची. पिलावा भरपूर असला की निम्म्याहून जास्त कोळी झाकण लागलेल्या कोठड्यांत असतात. कोठडीवर झाकण बसण्याच्या जरा आधी मादी कोळी आत शिरते. झाकण लागल्यावर साधारण ६० ते ७० तासांनी तिचं पहिलं अंडं येतं, त्यातून नर निघतो. पुढे दर ३० तासांच्या सुमाराला एकेक मादी. कामकरी माशीच्या कोठडीवर झाकण १२ दिवस राहतं, नराच्या कोठडीवर १४-१५ दिवस. ऑक्झॅलिक ॲसिडची वाफ मेणाच्या झाकणापलीकडे जात नाही.

थंड देशांत हिवाळ्यात राणी अंडी घालायची थांबते. तिथे पिलावा नसताना एकदा वाफ दिली की ९० टक्क्यांहून जास्त कोळी पडतात, आणि तिकडच्या पुस्तकांत एका वाफेत काम झाल्याचं जे लिहिलेलं असतं ते या अवस्थेबद्दल असतं. नाशिकला निफाडचा पारा कितीही खाली गेला तरी राणीचं काम चालूच असतं. इथे एक वाफ दिली तर अंगावरचे कोळी पडतात, आठवडाभर बरं वाटतं, आणि कोठड्यांतून नवी फळी बाहेर येते. यंत्र फुकट गेलं असं लोक म्हणतात ते इथेच. चूक यंत्राची नसते, वेळापत्रकाची असते.

मग पाकातून का नाही? लिटरभर १:१ साखरपाकात ३५ ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून दोन फ्रेममधल्या प्रत्येक फटीत ५ मिली ओतायची पद्धत जुनी आहे आणि तिला यंत्रही लागत नाही. पण तो पाक माश्यांच्या पोटात जातो. तीन-चार वेळा दिला तर माश्या आणि उघड्या अळ्या दोघांनाही बाधतो. वाफेची आवर्तनं त्या मानाने माश्या चांगल्या सोसतात. पिलावा बारमाही असलेल्या आपल्या भागात यंत्राची खटपट करायची ती या एका कारणासाठी.

सातेरीच्या, म्हणजे देशी मधमाशीच्या, पेट्यांना हा उपाय लावू नये. व्हरोआ मुळात सातेरीच्या जातकुळीवरचाच कोळी. ती त्याला अंगावरून झटकते आणि तिच्याकडे तो मुख्यतः नरांच्या पिलाव्यातच वाढतो, त्यामुळे जुळवून घेणं तिला जमलेलं आहे. वाफेने बिथरून सातेरी पेटी सोडून जाण्याची भीती मात्र खरी.

यंत्राचा जीव: हीटर प्लग आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा

जुन्या इंडायरेक्ट इंजेक्शनच्या डिझेल गाड्यांत थंडीत इंजिन पकडावं म्हणून जो ग्लो प्लग असतो, त्याला गॅरेजवाले हीटर प्लग म्हणतात. तोच इथे शेगडीचं काम करतो. विकत घेताना प्लगच्या अंगावर कोरलेला व्होल्टेज वाचायचा: ११ किंवा १२ व्होल्ट हवा. नव्या गाड्यांचे प्लग ४.४, ५ किंवा ७ व्होल्टचे असतात, त्यांना गाडीतलं नियंत्रक तोडून तोडून वीज देतं. तसला प्लग थेट १२ व्होल्टला जोडला की काही सेकंदांत आतली तार जळते. घरगुती यंत्रात प्लग जळण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. दुकानदार ‘सगळे सारखेच’ म्हणाला तरी आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

चांगला १२ व्होल्टचा प्लग गार असताना सुमारे २० ॲम्पिअर ओढतो. तापला की त्याचा रोध वाढतो आणि प्रवाह ८ ते १० ॲम्पिअरवर स्थिरावतो. म्हणजे साधारण १०० ते १२० वॅट.

ठोकळ्यासाठी ४० मिमी रुंद, २० मिमी जाड ॲल्युमिनियमच्या पट्टीचा ४५ मिमी लांब तुकडा घ्यायचा. नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या कोणत्याही लेथवाल्याला हे अर्ध्या तासाचं काम. वरच्या अंगाला ३० मिमी व्यासाची, ८ मिमी खोल वाटी कोरायची. मागच्या टोकाकडून, वरच्या पृष्ठापासून १३ मिमी खाली मध्य धरून, प्लगच्या आट्याचं भोक पाडायचं. आटे बहुधा १० मिमीचे असतात, पण पिच वेगवेगळी येते. म्हणून प्लग सोबत नेऊनच आटे पाडून घ्यायचे. पुढे प्लगच्या टोकासाठी बारीक भोक वाटीच्या तळाखाली जातं. टोकाची जाडी आणि लांबी कॅलिपरने मोजायची आणि भोक त्याहून ०.२ मिमीच मोठं ठेवायचं. सैल भोकात प्लगची उष्णता ठोकळ्याला पोचत नाही, टोक आतल्या आत लालबुंद होऊन लवकर मरतं. वाटीचा तळ आणि भोक यांत किमान २ मिमी धातू राहायला हवा. टोक ५ मिमी जाड असेल तर वरच्या मापांत अडीच मिमी उरतो.

वाटीत सुमारे साडेपाच घन सेंटीमीटर मावतात. २ ग्रॅम स्फटिक त्याच्या निम्म्याहून कमी जागा घेतात. ही मोकळी जागा लागतेच, कारण ॲसिड आधी वितळतं आणि दुधासारखं फेसाळून वर येतं. उथळ वाटीतून ते काठावरून ओघळतं, ठोकळ्याच्या बाजूला जळतं आणि मात्रा अर्धीच मिळते.

ॲल्युमिनियम का? लवकर आणि सगळीकडे सारखं तापतं म्हणून. ॲसिड त्याला हळूहळू खातं, दर वेळी धुतलं नाही तर हंगामात वाटीला बारीक खड्डे पडतात. स्टेनलेस स्टील टिकेल, पण ते उष्णता नीट वाहून नेत नाही, प्लगच्या टोकावर तापतं आणि कडेला गार राहतं. कडेला मग अर्धवट वितळलेली साय उरते.

दांडा मात्र स्टेनलेसचाच, नेमकं त्याच दुर्गुणासाठी. २५ × ३ मिमीची, ४० सेंमी लांब पट्टी ठोकळ्याच्या तळाला दोन ५ मिमी बोल्टनी घट्ट करायची आणि दुसऱ्या टोकाला खुरप्याची लाकडी मूठ बसवायची. बोल्टची भोकं प्लगच्या भोकाला न भिडता दोन्ही कडांना घ्यायची.

वायरिंगमध्ये कंजुषी नको

प्लगचं शरीर हीच ऋण बाजू. म्हणून ऋण वायर पट्टीवर थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं टोपण) लावून बोल्टने कसायची आणि धन वायर प्लगच्या टोकाच्या नटाखाली. दोन्ही थिंबल दाबून बसवलेले हवेत. साधं डाक १८३ अंशाच्या आसपास वितळतं, त्या टोकाला ते टिकत नाही. शेवटच्या २० सेंमीवर वायरचं पीव्हीसी वितळू नये म्हणून फायबर ग्लासची स्लीव्ह चढवायची.

वायर ४ चौरस मिमीची तांब्याची, लवचीक. बॅटरी ३ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६ मीटर तार होते. ४ चौरस मिमीमध्ये १० ॲम्पिअरला सुमारे ०.३ व्होल्ट गळतात. घरात पडलेल्या ०.७५ चौरस मिमीच्या वायरमध्ये दीड व्होल्ट गळतात. ऐकायला फरक छोटा वाटतो, पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने घटते: १२ चे साडेदहा झाले की वाफेची ताकद जवळपास पाव कमी. ‘यंत्र पाच मिनिटं लावलं तरी धूर नीट निघत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुधा वायरीत किंवा गंजलेल्या क्लॅम्पमध्ये असतं. खात्री करायची असेल तर प्लग चालू असताना थेट प्लगवर मीटर धरायचा. ११ व्होल्टच्या खाली आकडा असेल तर बॅटरीपासून एकेक सांधा तपासत यायचं.

बॅटरीच्या धन टोकापासून वितीच्या आत २५ ॲम्पिअरचा गाडीचा पातीचा फ्यूज. मग गाडीचा चार पायांचा १२ व्होल्ट, ४० ॲम्पिअरचा रिले. फ्यूजकडून येणारी वायर ३० क्रमांकाच्या पायाला, ८७ वरून प्लगकडे, ८५ ऋणाला, आणि ८६ ला छोट्या बटणामार्फत धन. घरातलं दिव्याचं बटण थेट प्लगला लावायचा मोह होतो. ते एसीसाठी बनलेलं असतं. २० ॲम्पिअर डीसीची ठिणगी त्याचे संपर्क चिकटवून टाकते, आणि मग बटण बंद केलं तरी प्लग चालूच राहतो.

बॅटरीचं गणित सरळ आहे. एका पेटीला अडीच मिनिटं १० ॲम्पिअर, सुरुवातीचा जादा ओढा धरून सुमारे ०.४५ ॲम्पिअर-तास. २० पेट्यांना ९. ट्रॅक्टरची किंवा चारचाकीची ३५ ॲम्पिअर-तासांवरची कोणतीही बॅटरी हे सहज पेलते. फवारणी पंपाची बारा बाय आठची (१२ व्होल्ट, ८ ॲम्पिअर-तासांची) बॅटरी जवळपास प्रत्येक शेतकऱ्याकडे असते. तिच्यावर सहा-आठ पेट्या होतात, पुढे ती ओढ खात नाही, आणि अशी रिकामी होईतो पिळली तर लवकर निकामी होते. शिवाय पंपाच्या सॉकेटमधून वीज घेऊ नये, आतल्या वायरी बारीक असतात. लिथियम बॅटरी असेल तर तिच्या संरक्षक सर्किटची मर्यादा ३० ॲम्पिअर तरी हवी, नाहीतर बटण दाबताच ती स्वतःला बंद करून घेते आणि माणूस प्लगला दोष देतो. क्लॅम्प आधी लावायचे, बटण नंतर दाबायचं. काढताना उलट. लेड-ॲसिड बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन असतो, तिथे ठिणगी नको.

या सगळ्यात महाग वस्तू म्हणजे बॅटरी, आणि ती घरात असतेच.

ॲसिड आणि ते हाताळणारा माणूस

घ्यायचं ते ऑक्झॅलिक ॲसिड डायहायड्रेट, शुद्धता ९९ टक्क्यांच्या वर, प्रयोगशाळेच्या प्रतीचं. बाटलीवर रेणुभार १२६.०७ लिहिलेला असतो. ९०.०३ लिहिलं असेल तर ते निर्जल ॲसिड, त्यातलं १.४३ ग्रॅम म्हणजे डायहायड्रेटचं २ ग्रॅम. फरशीचे आणि गंजाचे डाग काढायला मिळतं त्याची शुद्धता माहीत नसते, त्यातली भेसळ वाटीत काळी खपली म्हणून राहते आणि काही भाग पेटीतही जातो. मात्रा एका पिलावा कोठीला (पेटीच्या खालच्या, पिलाव्याच्या कप्प्याला) २ ग्रॅम. चार आवर्तनांना २० पेट्यांसाठी १६० ग्रॅम, सांडलवंड धरून २०० ग्रॅम पुरे. सोनाराच्या छोट्या काट्यावर २ ग्रॅमच्या पुड्या आदल्या दिवशीच बांधून ठेवल्या की शेतावर अंदाजाचं काम उरत नाही.

स्फटिक साखरेसारखे दिसतात. डबा कुलपात ठेवायचा, वर मोठ्या अक्षरांत नाव लिहायचं, चमचा कायमचा वेगळा.

वाफेबद्दल कुठलीही तडजोड नको. हवेत ऑक्झॅलिक ॲसिडची आठ तासांच्या कामासाठी मानलेली मर्यादा घनमीटरला १ मिलिग्रॅम आहे. एका पुडीत २,००० मिलिग्रॅम असतं. रुमाल, कापडी मास्क, एन-९५, यांतलं काहीच चालत नाही, कारण आत वायूही असतो आणि गार होताच बनणारी अतिसूक्ष्म भुकटीही. ॲसिड-वायूचं काडतूस आणि कणांची गाळणी दोन्ही असलेला रबरी अर्धमुखवटा लागतो. दाढी असेल तर तो चेहऱ्याला घट्ट बसत नाही. डोळ्यांना बाजूने बंद चष्मा, हातात लांब नायट्राइल मोजे. मधपाळाचे चामड्याचे मोजे ॲसिड शोषून धरतात आणि नंतर दिवसभर त्वचेला लावत राहतात. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. जवळ १० लिटर स्वच्छ पाणी: डोळ्यात गेलं तर १५ मिनिटं धुवायचं आणि मग थेट दवाखाना. पोटात गेलं तर उलटी करवायची नाही, बाटलीसह रुग्णालय गाठायचं.

आपल्या भागात सध्या कोणत्या मात्रेची शिफारस आहे, हे महाबळेश्वरच्या मध संचालनालयाला किंवा पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेला विचारून घ्यावं.

माशीविना पहिली चाचणी

ठोकळा गार असताना बटण दाबून घड्याळ लावायचं. मल्टिमीटरचा थर्मोकपल वाटीत टेकवून २०० अंशाला किती सेकंद लागतात ते टिपायचं. हिशोबाने हा ठोकळा साधारण ८० ग्रॅमचा, त्याला एक अंश चढवायला ७२ ज्यूल लागतात. २५ वरून २०० अंशावर न्यायला साडेबारा हजार ज्यूल, वर ॲसिड आणि त्यातलं पाणी उडवायला आणखी तीन हजार. ११० वॅटला सुमारे १४० सेकंद. चाचणीत रिकामी वाटी १५० च्या आत पोचली तर सगळं ठीक. २०० च्या पुढे गेलं तर वायर किंवा सैल भोक. थर्मोकपल नसेल तर पाण्याचा थेंब टाकून बघता येतं: पसरून चुर्र करून उडाला तर ठोकळा अजून चढतो आहे. गोळीसारखा वाटीत नाचत फिरला तर २०० अंशाच्या आसपास पोचला आहे.

मग मोकळ्या मैदानात, मुखवटा लावून, रिकाम्या पेटीवर झाकणाऐवजी काच ठेवून एक पुडी चालवावी. हे एकदा तरी डोळ्यांनी बघायला हवं. पहिलं मिनिटभर काहीच होत नाही. मग कडेचे स्फटिक ओले दिसू लागतात, १०० अंशाच्या सुमारास सगळं वितळून पाण्यासारखं होतं आणि खदखदू लागतं, कारण २ ग्रॅममधलं अर्ध्या ग्रॅमहून जास्त तर पाणीच असतं. फेस बसतो, वाटीत पांढरी कोरडी साय उरते. आणि १५७ अंशाच्या आसपास ती साय न वितळता थेट वर उठते, म्हणजे संप्लवन होतं. दाट पांढरं धुकं काचेवर आपटतं, कोपऱ्यांत वळतं आणि मिनिटभरात काचेवर पिठासारखा थर बसतो. तो थर म्हणजेच औषध. पेटीत हेच बारीक स्फटिक माश्यांच्या अंगावर, फ्रेमवर बसतात.

१८९ अंशाच्या पुढे ऑक्झॅलिक ॲसिड फुटतं: फॉर्मिक ॲसिड, कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड. गार वाटीत टाकून तापवलं तर उडणारं ॲसिडच उष्णता खात राहतं, त्यामुळे ते बहुतेक आधीच वर निघून जातं. तापलेल्या वाटीत पुडी टाकली तर तडतडून बाहेर उडतं, निम्मं फुटतं, आणि धुक्याचा लोट पेटीत जाण्याआधी माणसाच्या तोंडावर येतो. दुसऱ्या पेटीला घाई करणाऱ्याकडून हीच चूक होते.

पेटीशी जोडणी

ठोकळा २० मिमी उंच आहे. तो दारातून आत सारला तर फ्रेमच्या तळाला चिकटेल. मेण ६२ ते ६४ अंशाला वितळतं, आणि वितळलेलं मेण वाटीत टपकलं की आगीचा धोका. म्हणून तळपाट आणि पिलावा कोठी यांच्यामध्ये ५० मिमी उंचीची लाकडी चौकट घालायची, मागच्या बाजूला ४५ × २५ मिमीची खाच ठेवून. तळपाटावर, ठोकळा येईल तिथे, फरशीचा तुकडा. नाहीतर लाकूड जळून काळा डाग पडतो. चार आवर्तनं झाली की चौकट काढून टाकायची, माश्या त्या मोकळ्या जागेत पोळं बांधायला वेळ लावत नाहीत. मध कोठ्या आधीच उतरवलेल्या हव्यात.

वेळ संध्याकाळची, माश्या परतल्यावर. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. पहाटेच्या कडाक्यात नको, माश्या गोळा होऊन घट्ट बसलेल्या असतात आणि आतल्या माश्यांपर्यंत भुकटी पोचत नाही. झाकणाच्या जाळीच्या भोकांवर चिकटपट्टी, दारात फोमची पट्टी. गार वाटीत पुडी टाकून यंत्र आडवं न कलंडता आत सारायचं, खाचेभोवती ओलं फडकं कोंबायचं आणि मगच बटण. १५० सेकंदांनी बंद, आणखी एक मिनिट तसंच आत. मग यंत्र ओढून खाच लगेच फडक्याने बंद करायची आणि दार १० मिनिटं मिटलेलं ठेवायचं. माश्यांचा आवाज या वेळात एकदम चढतो आणि पाचेक मिनिटांत उतरतो.

यंत्र बाहेर आलं की ठोकळ्याचा फक्त खालचा भाग पसरट भांड्यातल्या पाण्यात टेकवायचा, प्लगचा जोड कोरडा ठेवून. मग वाटी पाण्याने विसळायची. उरलेला थर निघतो आणि ठोकळाही गार होतो. पुढची पुडी टाकण्यापूर्वी वाटी पुसून कोरडी करायला विसरू नये: एक ग्रॅम पाणी उरलं तर ते उडवण्यातच २० सेकंद जातात आणि ठरवलेल्या दीडशे सेकंदांत ॲसिड पूर्ण निघत नाही. शेवटी भांड्यातल्या पाण्यात चुन्याची निवळी घालायची. ऑक्झॅलेट पांढरा गाळ होऊन खाली बसतं. हे पाणी विहिरीजवळ ओतू नये.

एका पेटीमागे सगळं धरून सहा मिनिटं जातात. २० पेट्या म्हणजे दोन तास. एका संध्याकाळी दहाच होत असतील तर उरलेल्या दहा लगेच दुसऱ्या संध्याकाळी, मध्ये दिवस जाऊ द्यायचा नाही. माश्या शेजारच्या पेटीत चुकून शिरतात आणि कोळीही सोबत नेतात.

चार तारखा

झाकण १२ दिवसांचं, नराचं १५ पर्यंत. म्हणून पहिली वाफ २८ डिसेंबरला धरली तर पुढच्या २ जानेवारी, ७ जानेवारी आणि १२ जानेवारी. पाच-पाच दिवसांची चार आवर्तनं, म्हणजे पहिल्या दिवशी झाकणाआड असलेला प्रत्येक कोळी बाहेर येऊन दुसऱ्या कोठडीत शिरायच्या आत कुठल्या तरी वाफेत सापडतो. एक तारीख चुकली आणि मध्ये दहा दिवस गेले, तर बाहेर आलेल्या माद्या पुन्हा आत शिरलेल्या असतात. साखळी तुटली तर पुढची वाफ ‘दुसरी’ न समजता ‘पहिली’ समजून मोजणी नव्याने सुरू करायची.

राणीला २४ दिवस पिंजऱ्यात ठेवून पिलावा पूर्ण निघू द्यायचा आणि मग एकच वाफ द्यायची, हा दुसरा मार्ग आहे आणि कोळ्याच्या दृष्टीने तो पक्का आहे. पण डोंगळ्याच्या तोंडावर तो घेऊ नये, महिन्याभराने शेतावर जाणाऱ्या माश्याच त्यामुळे जन्मत नाहीत. तो उपाय एप्रिल-मेच्या फुलांच्या टंचाईत बसतो.

प्रत्येक वाफेनंतर तळपाटावर व्हॅसलिन फासलेला पांढरा कागद ठेवून ४८ तासांनी पडलेले कोळी मोजायचे. आकडा पहिल्यापेक्षा दुसऱ्या वाफेला जास्त आला तर घाबरू नये, तो कोठड्यांतून नुकताच बाहेर आलेला माल आहे. तिसऱ्या-चौथ्याला तो उतरायला हवा. चौथ्यालाही उतरला नाही, तर आधी वाटी बघायची: तळाला करडी खपली उरत असेल तर ॲसिड पूर्ण उडतच नव्हतं. वाटी स्वच्छ निघत असेल, तर पेट्यांच्या फटी आणि शेजारच्या, उपचार न केलेल्या पेट्या बघायच्या.

दारापाशी दोन-पाच माश्या मेलेल्या दिसणं नेहमीचं. मूठभर दिसल्या तर मात्रा जास्त झाली आहे किंवा दार वेळेवर उघडलं गेलेलं नाही.

१९ जानेवारीला पुन्हा ३०० माश्यांची साखरेची मोजणी, त्याच सहा पेट्यांची. ३-४ कोळी आले तर पेट्या गोंडे १० टक्के उमलले की रात्रीच्या वेळी प्लॉटवर हलवायच्या. एखाद्या पेटीत अजून ९ च्या वर निघाले तर ती डोंगळ्यावर न नेता बाजूला ठेवायची, तिच्या नरांच्या पिलाव्याची फ्रेम काढून नष्ट करायची आणि २० जानेवारीपासून तिच्यापुरत्या चार तारखा नव्याने लावायच्या.